सोलकढीत सापडलेला हत्ती

मी हत्तीवर चटई अंथरली आणि अडीच तास तोच हत्ती शोधत सडाभर हिंडलो.

हत्ती म्हणजे कातळशिल्प. रत्नागिरीभोवतीच्या सड्यांवर, जांभ्याच्या उघड्या पठारांवर, कुणी कधीकाळी प्राणी कोरून ठेवलेत; नुसती बाहेरची रेघ, बोटभर खोल. सुट्टीत कुठे फिरायला जायचं, हे आमच्या नात्यागोत्यात मला विचारतात. गर्दी नको? मालगुंडला सकाळी लवकर जा. सावली हवी? गुहागरच्या नारळी-पोफळीत बसा. अशा शिफारशी मी चहा पिता पिता वाटतो. त्यातल्या निम्म्या जागा मी एकदाच, आणि तेही स्कूटर न थांबवता पाहिलेल्या.

सासरे देवरूखचे, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. आयुष्यभर पोरांकडून हत्ती काढून घेतले, आता हा दगडातला समोर बसून वहीत उतरवायचा होता. दुसऱ्या दिवशी ते मुलाकडे बंगळूरला निघणार, परतणार थेट पावसात. तोवर सडा गवताखाली गेलेला. म्हणजे आजच काय ते.

"जागा नक्की माहीत आहे ना?" बायकोने गाडीत विचारलं.

"डोळे मिटून नेतो."

"उघडे ठेवा. गाडी चालवताय."

माझी खूण होती गडग्याजवळचं, म्हणजे दगड रचलेल्या बांधाजवळचं, एकटं झाड. दोन वाजता पोचलो तर दगडी गडगे चार, आणि प्रत्येकाजवळ एकेक एकटं झाड. जरा सपाट जागा बघून चटई टाकली, बायकोला डब्यांपाशी बसवलं आणि सासऱ्यांना घेऊन निघालो. ऊन डोक्यावर असताना ही रेघ दिसतच नाही, हे मला कुठे ठाऊक!

"ही बघा सोंड," मी म्हणालो.

सासऱ्यांनी वाकून पाहिलं. "भेग आहे."

"आणि हा पाय?"

"शेण."

साडेचारला त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. "राहू दे. माणसाने सगळंच बघितलं पाहिजे असं थोडंच आहे?" पेपर कोरा देणाऱ्या पोराची समजूत काढावी, तशा सुरात म्हणाले. मला तोंड लपवावंसं वाटलं.

चटईवर येऊन बसलो. निदान खातिरदारी तरी करावी म्हणून सोलकढीची बाटली झोकात उघडली, आणि ती सगळी लवंडली. गुलाबी ओघळ चटईखालून कातळावर गेला. पसरला मात्र नाही. वळला. बाक घेऊन खाली उतरला आणि टोकाशी अलगद आत मुडपला.

"उठा," सासरे म्हणाले. "दोघंही उठा."

चटई ओढली. तिरप्या उन्हात मातीने बुजलेली रेघ हळूहळू उमटली: पाठ, पोट, खांबासारखे पाय. सोलकढी सोंडेतून वाहत होती. बायको डबे छातीशी धरून हसत सुटली, सासऱ्यांचं हसू तर टोपी पडली तरी थांबेना. मी प्यायचं पाणी ओतून सोंड धुतली, रुमालाने पोट झाडलं. सासरे दगडावर बसले आणि उजेड संपेपर्यंत काढत राहिले.

वही मिटताना मी धीर करून म्हणालो, "बाबा, जागा तर बरोबरच आणली होती मी."

"जावईबापू," ते पेन्सिलीचं टोक पुसत म्हणाले, "पुढच्या वेळी शोधू नका. आल्या आल्या बसा."