साताऱ्याचा एक वाचक

दुसऱ्यांच्या ब्लॉगवर माणसं आणणं हा माझा धंदा आहे. महाप्याच्या एका आयटी पार्कात चौथ्या मजल्यावर बसून मी दिवसभर लोकांच्या वेबसाइटचे आकडे बघतो. कोण आलं, कुठल्या गावाहून आलं, काय शोधत आलं, किती वेळ थांबलं, कुठल्या ओळीपाशी कंटाळून निघून गेलं. मग ज्याची वेबसाइट असेल त्याला सांगतो, हे काढा, ते वर घ्या, शीर्षक बदला. आमच्याकडे पाण्याच्या टाक्या साफ करणाऱ्या एका माणसाचं काम होतं. त्याला स्वच्छतेचं महत्त्व वगैरे लिहायची फार हौस. ते कुणी म्हणजे कुणी वाचत नव्हतं. मी आकडे काढून दाखवले की लोक नेटवर 'टाकीत पाल पडली तर ते पाणी वापरावं का' असं शोधतात. मग पालीवर लेख लिहिला. त्यानंतर कबुतरावर लिहिला. काही महिन्यांत ब्लॉग धावायला लागला, मालक खूश झाला आणि माझ्या साहेबानं मला टीम लीड केलं. फुशारकी म्हणून सांगत नाही. हे कसब मी पुढे कुठं नेऊन वापरलं ते कळायला हवं, म्हणून सांगतोय.

माझा स्वतःचाही एक ब्लॉग होता. मराठीत. वडील माथाडी होते, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोण्या वाहायचे. घणसोलीला माथाड्यांच्या वसाहतीत आमची एक खोली होती. त्यांच्याबद्दल, आईबद्दल, डबा घेऊन मार्केटात जाणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीबद्दल मी लिहायचो. वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ऑफिसातली दोन-तीन माणसं न वाचताच 'भारी' म्हणायची. बायकोनं एकदा वाचून 'छान आहे' म्हटलं आणि कुकर बघायला गेली.

मग एका रविवारी सकाळी माझ्या ब्लॉगच्या रिपोर्टमध्ये गावांच्या यादीत सातारा दिसलं. पुढे एक. म्हणजे साताऱ्याहून एक माणूस आलं, आईवरचा लेख पाच मिनिटं वाचला आणि गेलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मी कुणाला काही बोललो नाही, पण मला लगेच कळलं. म्हणजे असं वाटलं की कळलं. आक्का साताऱ्याकडेच दिलेली आहे.

आक्का माझी थोरली बहीण, सहा वर्षांनी मोठी. तेव्हा तिच्या-माझ्यात सात वर्षं बोलणं नव्हतं, आणि त्याला कारण मी होतो. आई-वडील गेल्यावर खोली आम्हा दोघांची झाली. मला सानपाड्याला फ्लॅट घ्यायचा होता आणि त्यासाठी खोली विकायची होती. आक्का त्या वर्षी नेहमीसारखी भाऊबीजेला आली. मी पाटावर बसलो. तिनं कुंकू लावलं, ओवाळलं आणि तबक माझ्यापुढे धरलं. ओवाळणी टाकायच्या आधी मी पाटाशेजारी ठेवलेली प्लास्टिकची फाइल उचलली.

"आक्का, एवढी एक सही करून टाक. परवा रजिस्ट्रारकडे अंगठा द्यायला जायचंय."

"हे काय हाय?"

"हक्कसोड पत्र. नुसती फॉर्मॅलिटी गं. सोसायटीला कागद लागतो."

तिनं कागद वाचला नाही. माझ्याकडे बघत एवढंच विचारलं, "खोली इकनार न्हाईस न्हवं?"

"छे! बाबांची खोली ती. तुझं माहेर आहे."

तिनं तबक खाली ठेवलं. निरांजन पेटलेलंच होतं. पाटाच्या कडेवर कागद ठेवून तिनं सही केली, आणि मग मी तबकात पाकीट टाकलं. पुढची दिवाळी यायच्या आत मी खोली विकली. आक्काला ते वसाहतीतल्या एका शेजारणीकडून कळलं. ती भांडली नाही, फोनवर रडली नाही. नुसती यायची बंद झाली.

तर ती आता दर रविवारी माझा ब्लॉग वाचत होती. हे मी धरूनच चाललो. माझ्या आनंदाला तेव्हा सीमा नव्हती, लपवून काय करू. गिऱ्हाइकांना मी शंभरदा बजावलेलं आहे की गावाच्या आकड्यावर जाऊ नका, तो फार कच्चा असतो. इंटरनेट कंपनीची तार जिथं वर निघते त्या गावाचं नाव दिसतं, माणूस असतो भलतीकडेच. हे सगळं मला पाठ होतं. पण स्वतःच्या बाबतीत मी ते सोयीस्कर विसरलो.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मग फोन करा ना त्यांना."

मी म्हटलं, "वाचतेय ती. तिला तिच्या चालीनं येऊ दे."

किती समजूतदार वाक्य! खरं म्हणजे फोन करायची माझी टाप नव्हती.

त्या दिवाळीच्या आधी मी भाऊबीजेवर लेख लिहिला. सगळं लिहिलं. फाइल, तबक, पेटलेलं निरांजन, तिनं विचारलेला प्रश्न. 'मी खोटं बोललो' असं सरळ लिहिलं. लिहून हलकं वाटलं. शुक्रवारी लेख टाकला आणि रविवारी चहा न घेताच रिपोर्ट उघडला. सातारा, एक. थांबल्याचा वेळ, अकरा सेकंद.

अकरा सेकंदांत माणूस शीर्षक वाचतो आणि जातो. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, कामात असेल. मी म्हटलं, सुरुवात चुकली. टाकीवाल्याला जे सांगायचो तेच स्वतःला सांगितलं: वाचक जिथं निघून जातो तिथं दुरुस्ती करायची. फाइल पहिल्या परिच्छेदात होती, ती मी खाली ढकलली आणि वर फराळ, रांगोळी, आईच्या हातची करंजी आणली. शीर्षक बदलून लेख पुन्हा वर घेतला. पुढच्या रविवारी सातारा चाळीस सेकंद थांबलं. मग 'मी खोटं बोललो' काढून 'तेव्हा परिस्थितीच तशी होती' असं केलं. दीड मिनिट. मग खोली विकल्याचं अख्खं प्रकरण उडवलं. तीन मिनिटं. तरी शेवट पडत होता, म्हणून शेवटी मी आक्काला हसवलं. लिहिलं की सही करताना ती हसली आणि म्हणाली, 'मला काय करायचीय खोली, तुझा संसार उभा राहू दे.'

त्या रविवारी सातारा सहा मिनिटं थांबलं.

मी लॅपटॉपपुढे बसून रडलो. तिनं माफ केलं, असंच मला वाटलं. आणि नुसतं सातारा नव्हे, तो लेख सगळीकडेच चालला. लोकांनी तो व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर फिरवला. 'डोळ्यांत पाणी आलं', 'अशी बहीण भाग्यवंतालाच मिळते' असल्या प्रतिक्रिया आल्या. माझ्या ब्लॉगवर तेवढी माणसं कधीच आली नव्हती. साहेबानं ऑफिसात सगळ्यांसमोर म्हटलं, "बघा, याला म्हणतात डेटा बघून लिहिणं." मी मान खाली घालून हसलो. त्या हसण्याची मला आज शिसारी येते.

त्यानंतर चार महिन्यांनी चुलतभावाच्या मुलीचं लग्न निघालं, साताऱ्यातच. आक्का येणार हे ठाऊक होतं. मी अगदी निर्धास्त गेलो, नवा शर्ट घालून. ती कार्यालयाच्या कडेला खुर्चीवर बसली होती, केस बरेच पिकलेले. शेजारी तिची मुलगी, माझी भाची. ती आता कॉलेजात आहे. मी वाकून आक्काच्या पाया पडलो.

"बरा हायस?" ती म्हणाली.

आवाज कोरडा होता, पण मला तोही प्रेमळ वाटला. मी म्हटलं, "आक्का, वाचतेस ना सगळं? मला कळतं बरं का. दर रविवारी."

"काय वाचते?"

"माझा ब्लॉग."

ती मुलीकडे वळली. "काय म्हनतोय गं ह्यो?"

भाचीनं मोबाइल काढला, विचारून विचारून शोधलं आणि तिला पहिला सापडला तो तोच लेख. सगळ्यात जास्त चाललेला तोच होता, तो वरच येणार. तो वर यावा म्हणून मीच तर राबलो होतो.

"आई, मामानं तुझ्यावर लिहिलंय."

आक्कानं पिशवीतून चष्मा काढला. मला म्हणायचं होतं की नको, नंतर वाच, पण तोवर तिनं मोबाइल हातात घेतला होता. ती हळूहळू, ओठ हलवत वाचत होती. पंगतीत वाढप्यांची गडबड चाललेली, बायका तिला जेवायला हाका मारत होत्या. मी काय केलं असेल? हातातल्या घड्याळाकडे बघितलं. सवय. चार मिनिटं लागली तिला.

फोन परत देऊन ती म्हणाली, "मी आसं कवा म्हनले?"

"आक्का, ते लिहिताना जरा..."

"मी हसले व्हते?"

मी भाचीच्या हातातल्या मोबाइलकडे बघितलं.

चष्मा काढून तिनं तो पदरानं पुसला. "सात वर्सं मी काय म्हनत व्हते ठावं हाय? ह्यो येत न्हाय, फोन करत न्हाय, म्हंजी ह्याला आठवतंय. लाज वाटतीया, म्हनून येत न्हाय. तेवढ्यावर मी गप ऱ्हायले." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तुला तर आठवतबी न्हाय."

आणि ती जेवायला उठून गेली.

मला ओरडून सांगायचं होतं की आठवतं, सगळं आठवतं, आधी मी तेच लिहिलं होतं. पण तिला काय सांगणार? की तू अकरा सेकंदांत निघून गेलीस म्हणून खोडलं? ती तर आलीच नव्हती. तो साताऱ्याचा वाचक कोण होता ते मला आजही माहीत नाही. कुणी फराळाच्या पाककृती शोधणारं असेल. त्याच्या रुचीसाठी मी माझ्या बहिणीच्या तोंडी खोटी वाक्यं घातली.

घरी आल्यावर मी लेखाचा जुना खर्डा शोधला. ब्लॉग सगळे खर्डे जपून ठेवतो, माझ्यापेक्षा तो बरा. फाइल, तबक, निरांजन, 'मी खोटं बोललो', सगळं जसंच्या तसं परत वर टाकलं. त्याची लिंक भाचीला पाठवली, आईला वाचून दाखव म्हणून. त्या रविवारी सातारा आलं, नऊ सेकंद थांबलं आणि गेलं. त्यानंतर ते पुन्हा आलेलं नाही. बाकीची माणसंही ओसरली.

सोमवारी भाचीचा मेसेज आला. 'मामा, मी वाचायला लागले तर आईनं थांबवलं. म्हणाली, वाचून दाखवू नको. त्याला म्हणावं, आठवत असेल तर येऊन तोंडानं सांग.'

त्याला आता पाच आठवडे झाले. साताऱ्याच्या गाड्या सानपाड्याच्या हायवेवर थांबतात, आमच्या बिल्डिंगपासून चालत दहा मिनिटं. मी गेलेलो नाही. फोनही केलेला नाही. परवाच्या रविवारी मी रिपोर्ट उघडून बसलो होतो, गावांची यादी वरून खाली, खालून वर बघत. बायको आली आणि तिनं लॅपटॉपचं झाकण खाली केलं.

"अहो, त्यात काय शोधताय? काय पाहिजे ते त्यांनी सांगितलंय ना?"

मी म्हटलं, हो. ती आत गेल्यावर मी झाकण पुन्हा उघडलं.