एक्सपीडियंट

जुन्नरच्या कोर्टाबाहेर टपरीत बसून भगवंतने तीस वर्षं लोकांचे अर्ज टाइप केले. आधी टाइपरायटरवर, मग कॉम्प्युटरवर. इंग्रजीचं स्पेलिंग त्याचं कधी चुकलं नाही, पण त्यातलं बरंचसं त्याच्या बोटांनाच तेवढं ठाऊक होतं. अर्जाच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य यायचं, साहेबांना जे योग्य आणि ‘एक्सपीडियंट’ वाटेल ते करावं. या शब्दाचा अर्थ त्याने कधी कुणाला विचारला नाही.

त्याची थोरली बहीण रतनबाई मढ गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत दिलेली. वाडी आणि सडक यांच्या मधून ओढा जायचा. ओढा भरला की वाडी चार-चार दिवस अडकून पडायची. माणसांपुरता एक साकव झाला असता तरी भागलं असतं, पण जागा राखीव जंगलात, परवानगी दिल्लीहून.

“साऱ्या तालुक्याचं लिवतोस,” रतनबाई त्याला म्हणाली, “आमचं कोन लिवनार रं?”

भगवंतने दोन दिवस खपून इंग्रजीत अर्ज लिहिला, वाडीतल्या माणसांच्या सह्या-अंगठे घेतले. शेवटी ते वाक्य घालायला तो विसरला नाही. रतनबाईने वाडीभर सांगून टाकलं, माझा भाऊ साकव आणतोय.

चौदा महिन्यांनी, उन्हाळ्यात, उत्तर आलं. चारच ओळी. सगळं भगवंतला कळलं नाही, पण तो शब्द त्याने लगेच ओळखला. कागद घेऊन तो अश्विनी वकीलबाईंकडे गेला.

“काका, साकव बांधणं त्यांना एक्सपीडियंट वाटत नाही,” त्या म्हणाल्या.

“म्हंजी?”

“म्हणजे सोयीचं, इष्ट. सध्या ते इष्ट वाटत नाही.”

“कारन काय दिलंय?”

“कारण नाही दिलेलं. तुम्हीच लिहिलंय ना, तुम्हाला सोयीचं वाटेल ते करा म्हणून. त्यांनी केलं.”

वकीलबाई सहज बोलून गेल्या. भगवंतने मात्र कागद परत घेऊन तो शब्द पुन्हा वाचला. तीस वर्षं किती जणांच्या अर्जाखाली आपण हे लिहीत आलो!

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. “काय झालं रं साकवाचं?”

त्याच्या तोंडून निघून गेलं, “व्हतंय आक्का. कागद पुढं सरकलाय.”

खरं काय ते सवडीने सांगू, असं त्याने मनाशी म्हटलं. मग ती सवड आलीच नाही. दर फोनला तो तेच सांगत राहिला, आणि पावसाळा लागला.

श्रावणात एका दुपारी भाचा जानकूचा फोन आला. आईला दम लागलाय, झोळी करून खाली आणतोय. भगवंत मिळेल त्या जीपने मढला आणि तिथून ओढ्यापर्यंत पोचला. पलीकडच्या काठावर चौघे जण झोळी खांद्यावर घेऊन उभे होते. मधून गढूळ पाणी धो धो वाहत होतं. हाका मारल्या तरी ऐकू जात नव्हत्या. जानकू दोनदा कमरेपर्यंत उतरला आणि मागे फिरला. तासाभराने त्यांनी झोळी खाली ठेवली. जानकूने डोक्यावरची टोपी काढली, तेव्हा इकडे भगवंतला कळलं, आक्का गेली.

दहाव्याला पाणी उतरलं होतं. विधी आटोपल्यावर भगवंतने जानकूला बाजूला घेतलं आणि दिल्लीचा कागद त्याच्या हातात ठेवला. कधी आला, काय लिहिलंय, सगळं सांगितलं.

जानकूने कागदावरची तारीख बघितली. त्याने आवाज चढवला नाही.

“मामा, मढात खोली बघून ठिवली व्हती मी. पावसापुरतं तिथं ऱ्हा म्हनलं आईला. तर म्हनली, भाऊ म्हनतोय साकव व्हतोय, मग कशाला घर सोडू.” त्याने कागदाची घडी करून परत दिली. “तुमी साकव व्हत नाय म्हनला असता, तर ती आली असती.”

पानं वाढली होती. जानकूची बायको पुष्पा दोनदा बोलवायला आली. भगवंत न जेवताच ओढा ओलांडून सडकेला लागला. त्या वाडीत तो पुन्हा कधी गेला नाही.