आरशासारखा उतार

ग्रामपंचायतीच्या दारात मी पहिला उतार बांधून घेतला, तो गवंड्याकडून घोटघोटून आरशासारखा गुळगुळीत करून घेतला. चाकाला धरायला काही खरबरीत लागतं, हे मला सुचलंच नाही. तापीकाठच्या आमच्या गावांत बाईची पारख तिच्या गुळगुळीत ओट्यावरून होते, आणि मी पंचायत समितीची नवीकोरी सदस्य. चांगला ओटा तो चांगला उतार, असं माझं गणित. सुशिक्षित म्हणून मिरवत होते, वर.

उतार मागितला होता आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या बाईनं. लहानपणी पोलिओनं तिचे पाय गेलेले. गल्लीत ती हातानं चालवायच्या तीनचाकीवर राणीसारखी फिरायची, पण ग्रामपंचायतीला उंच पायऱ्या. तिथं भाऊ तिला पाठीवर घेऊन चढवायचा. वडिलांच्या माघारी घरावर आपलंही नाव लागावं, हे तिला ग्रामसभेत मांडायचं होतं. भावाला नेमकं तेच नको होतं.

"अक्का," ती मला म्हणाली होती, "ज्यानी पाठवर बठीसन जावानं, त्यानाच इरोधमा कसं बोलू?"

म्हणून तर उतार.

ग्रामसभेच्या दिवशी मी फीत कापली, टाळ्या घेतल्या आणि तिला म्हटलं, "चल, चढ." ती अर्ध्यापर्यंत आली. मग चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि तीनचाकी मागं सरकू लागली. मी हार, पैठणी, नव्या चपला अशा थाटात मागून रेटा द्यायला धावले. चपलांनी दगा दिला. मी सपशेल आडवी, आणि तिचं चाक माझ्या पदरावर उभं. गर्दीतून सासूबाईंचा आवाज आला, "आरसा व्हता ना, देखी ले आते तोंड!" तोवर हसू दाबून धरलेलं गाव मग मोकळेपणानं हसलं.

तिचा भाऊ तेवढा हसला नाही. पुढं आला, तिच्यासमोर वाकला आणि म्हणाला, "चाल, बठ पाठवर."

ती त्या पाठीकडं बघत राहिली. हात चाकावरून उचलला नाही. मी पदर सोडवून उठले, कमरेला हात लावला आणि ग्रामसेवकाला हाक मारली, "भाऊसाहेब, टेबल बाहेर आणा. खुर्च्याही. आजची सभा निंबाखाली."

सरपंच कुरकुरले. मी म्हटलं, "मग तुम्हीच उतारावरून चढून दाखवा." ते मुकाट खाली उतरले. पायऱ्यांनी, अर्थात.

निंबाखाली ती भावाच्या डोळ्यांत डोळे घालून बोलली. त्यानं मान फिरवली, तरी ती थांबली नाही. घराला दोघांची नावं लागली.

पुढं मी जिल्हा परिषदेत गेले, पडले, पुन्हा निवडून आले. अपंगत्वाच्या दाखल्याचं शिबिर नंदुरबारला ठेवून सातपुड्यातल्या माणसांनी तिथवर यायचं, ही रीत मोडली; डॉक्टरांनाच वर न्यायला लावलं, नर्मदेकाठच्या पाड्यांवर बोटीनं. आश्रमशाळा, दवाखाने, तहसील, एकही दार उताराविना सोडलं नाही. इंजिनिअर आजही मला बघून कपाळावरचा घाम पुसतात, कारण उतार तपासायला मी एकटी कधीच जात नाही. आधी चाकवाली माणसं चढतात, मग माझी सही. नातवंडांना वाटतं, आजी जन्मापासूनच हुशार. त्यांना मी ती पैठणी दाखवते. चाकाचा डाग अजून आहे.

ही सगळी अक्कल मला त्या संध्याकाळी फुकट मिळाली. सभा संपल्यावर मी लंगडत घरी निघाले होते, शेजारून ती तीनचाकी चालवत. मी म्हटलं, उद्याच तो उतार फोडून टाकते. तिनं चाक थांबवलं.

"पुढला उतार करशी तवय पह्यले मले चढू दे, फीत मंग काप. आन् हाऊ फोडू नको वं अक्का, आठे मी मिरच्या वाळू घालसू."