आण्णावर दफा कोणती?

आमच्या आण्णावर दफा कोणती, कायद्याचं कलम कोणतं लावलं होतं? मी ठाण्यातल्या जमादाराला विचारलं, त्याच्यावरच्या अमीनसाहेबांना विचारलं, कचेरीतल्या कारकुनाला विचारलं. कुणीच सांगितलं नाही.

त्याच्या मातीला आलेले लोक मात्र भलतंच सांगत बसले. रडता रडता एकानं आण्णाचा एक किस्सा काढला, मग दुसऱ्यानं दुसरा. थोड्या वेळानं माणसं पोट धरून हसायला लागली. आई आधी चिडली. मग तीच डोळे पुसत म्हणाली, "आरं, त्यो जोड्याचा सांगा की!" तेव्हापासून जो भेटतो तो एक किस्सा माझ्या पदरात टाकून जातो. आता ठेवू तरी कुठं? म्हणून सांगतो.

आण्णा माझा थोरला भाऊ. तालुक्याच्या अदालतीत एका वकिलाकडं कारकून. राज्य निजामाचं, अदालत सगळी उर्दूत, आणि मुलजिम, म्हणजे आरोपी, आमचे अणदूरकडचे. कुणाला मराठी येतं, कुणाला नुसतं कानडी! न्यायाला बसलेले मुन्सिफसाहेब उर्दूत विचारायचे. आण्णा ते मुलजिमाला समजावायचा आणि त्याचं उत्तर साहेबांना उर्दूत सांगायचा.

पेशीच्या, म्हणजे तारखेच्या दिवशी अदालतीपुढच्या लिंबाखाली त्याची शाळाच भरायची. "आधी दफा इचारायची. आपल्यावर काय इल्जाम हाय ते कळल्याबिगर व्हय म्हणायचं न्हाय. कोऱ्या कागदावर अंगठा न्हाय. आन् इचारल्याबिगर तोंड उघडायचं न्हाय!"

शेवटचं वाक्य तो माझ्याकडं बघून म्हणायचा.

*

आमचा संगाप्पा मामा म्हणजे गरीब गाय. सरकारी टोपी दिसली की हात जोडून "व्हय जी" म्हणणार. त्याचा बैल चोरीला गेला, म्हणून ठाण्यात फिर्याद द्यायला गेला. अमीनसाहेब उखडलेले. म्हणाले, "बैल तूच विकलास आणि आता चोरीची बोंब मारतोस!"

"व्हय जी," मामा म्हणाला.

झालं! फिर्याद द्यायला गेलेला माणूस मुलजिम होऊन बाहेर आला.

पेशीला आण्णानं साहेबांची परवानगी काढली आणि भर अदालतीत विचारलं, "मामा, तुमचा बैल मुन्सिफसाहेबांनी विकला का?"

"व्हय जी."

"मग अमीनसाहेबांनी?"

"व्हय जी. त्येंनीबी."

साहेबांनी टाक खाली ठेवला. मामा सुटला. बाहेर लिंबाखाली आण्णानं त्याला फैलावर घेतलं. "मामा, परत कुणाला न समजता व्हय म्हणाल का?"

"व्हय जी!"

*

तेरखेड्याचे इमामचाचा शोभेची दारू करायचे. लग्नसराईत घरात माल भरलेला. अमीनसाहेबांनी सगळा जप्त केला आणि बंडासाठी दारूगोळा साठवल्याचा इल्जाम ठेवला. चाचा घाबरून गेले. आण्णा म्हणाला, "चाचा, घाबरू नका. जप्त केलेला माल अदालतीत मागायचा. त्यो बघायचा तुमचा हक्क हाय."

पेशीला चाचांनी माल मागितला. जमादार छताकडं बघायला लागला. साहेबांनी दोनदा विचारल्यावर म्हणाला, "हुजूर, संपला."

"संपला? कसा?"

"अमीनसाहेबांच्या भाच्याची वरात होती, हुजूर."

चाचांनी कटघऱ्यातून मान पुढं काढली आणि हळूच विचारलं, "जमादारसाहेब, शोभा बरी झाली ना?"

*

पारूबाई चोरून शिंदी काढायची. तिनं आण्णाचा अंगठ्याचा धडा फारच मनावर घेतला. तिला सोडायचा हुकूम आला. जमादारानं कागद पुढं केला, "लाव अंगठा!"

"आधी वाचून दावा."

आता वाचता कुणाला येतं? जमादाराची बोंब! तो ओरडला, विनवण्या करायला लागला. बाई हवालातीत मांडी घालून बसली. "तुमी काय लिवलंय काय ठावं!" शेवटी जमादार स्वतः धावत आण्णाला घेऊन आला. आण्णानं कागद वाचून दाखवला. सुटकेचा हुकूम!

"आगं बया! मग दोन्ही हाताचे लावती!"

*

आईच्या आवडीचा किस्सा माझा आहे. देशमुखाच्या कारभाऱ्यानं आण्णाला भर बाजारात शिवी दिली आणि माझं टाळकं फिरलं. पेशीला आण्णानं बजावलं, "तू फक्त गप बस. बाकी मी बघतो."

साहेबांनी इल्जाम वाचला. आण्णानं मला मराठीत सांगितलं, "मुलजिमानं कारभाऱ्याला दगड मारला."

"साफ खोटं!" मी ओरडलो. "दगड कुठला? जोडा हुता! आन् दोनदा मारला, त्योबी कानाखाली!"

आण्णानं डोळे मिटले. मग साहेबांकडं वळून उर्दूत म्हणाला, "हुजूर, मुलजिम म्हणतो, साफ खोटं आहे."

साहेबांना मराठी थोडंफार कळत असावं. "एवढं लांब बोलला, त्याचं एवढंच?"

"हुजूर, मराठी भाषा जरा लांबट आहे."

साहेब तोंडाला रुमाल लावून आत निघून गेले!

*

मग एक दिवस आण्णालाच न्यायला जमादार घरी आला. आण्णानं विचारलं, "दफा कोणती?"

"वरून हुकूम हाय."

"हुकूम असंल. दफा कोणती?"

जमादारानं दाराकडं बोट केलं. आण्णा हवालातीत गेला आणि तिथंही शाळा उघडली. मी भाकरी घेऊन गेलो की जमादार माझ्यापुढं रडायचा. "तुझा भाऊ आल्यापास्नं आत एकजण व्हय म्हणत न्हाय रं! पाणी पाहिजे का इचारलं तरी म्हणत्यात, आधी दफा सांगा!"

मी म्हणालो, "मग सांगा की. आण्णाची कोणती?"

"ती मुलजिमाला सांगत्यात. तू कोण?"

आण्णाला तिथंच ताप भरला. पेशीच्या आधीच तो गेला.

माती झाल्यावर मी परत ठाण्यात गेलो. आता तरी सांगा म्हणालो. जमादार खाली बघत म्हणाला, "आता मुलजिमच न्हाय राह्यला. सांगायची कुणाला? मिसलीचे कागद बांधून ठेवत्यात आता."

*

पेशीच्या दिवशी मी अदालतीत गेलो. ठाणं आणि अदालत यांच्यामध्ये एक लिंबाचं झाड, पण आण्णा गेल्याचा कागद अजून पलीकडं पोचला नव्हता. चपराशानं दारात येऊन आण्णाचं नाव पुकारलं. "हाजिर हो!"

लिंबाखालची सगळी माणसं उठून उभी राहिली.

त्यानं दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारायला तोंड उघडलं आणि मी ओरडलो, "हाजिर!"

कटघऱ्यात जाऊन उभा राहिलो. माझ्यामागं लिंबाखालचे सगळे आत आले. मुन्सिफसाहेबांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. आण्णाला ते रोज बघायचे, आणि मलाही विसरले नसणार. जमादार त्यांच्या कानाशी लागायला निघाला. साहेबांनी हातानं त्याला थांबवलं.

"नाव?"

मी आण्णाचं नाव सांगितलं.

त्यांनी मिसल उघडली. मला समजावून सांगायला शेजारी कुणी नव्हतं, पण तेवढी उर्दू ऐकून ऐकून मलाही येत होती.

"जुर्म कबूल?"

"आधी दफा सांगा, हुजूर."

साहेबांनी कागद उलटला. मग दुसरा उलटला. मग अमीनसाहेबांकडं बघत राहिले.

मागून संगाप्पा मामाचा आवाज आला, "व्हय जी. सांगा."

मी तोंड मिटलं आणि उभा राहिलो.