घड्याळ वर पाहिजे

रामदासपेठेतल्या आमच्या नकाशांच्या ऑफिसात माझ्या शेजारी जे सर बसत, त्यांच्याइतका कामात बुडणारा माणूस उभ्या नागपुरात झाला नसेल. पुढ्यातला चहा निवून त्यावर साय धरे, आणि तासाभरानं ते मला विचारत, "आज चहा आला नाही का गा?" एकदा ऐन मे महिन्यात पंखा बंद पडला. आम्ही सगळे व्हरांड्यात जाऊन बसलो, आणि हे घामानं चिंब होऊन एका नाल्याचं वळण दुरुस्त करत राहिले. मनगटावर घड्याळ असे, पण आपल्याला मनगट आहे हेच त्यांच्या ध्यानात नसे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला. टेबलावर एकावर एक कागद पडावेत तशा त्याच्या पडद्यावर विंडो उघडायच्या. सरांनी लगेच एका कोपऱ्यात घड्याळाची विंडो उघडली. त्याच सुमारास काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. मुली लग्न होऊन गेलेल्या. बारा, दोन आणि चार वाजता सायकलनं घरी जाऊन काकूंच्या डोळ्यांत थेंब घालायचे, हे सरांचं काम. पण ते कोणाला बोलले नव्हते. आम्ही समजायचो, सर झोपायला जातात.

एका दुपारी नकाशाची विंडो घड्याळावर पसरली, आणि सर भानावर आले ते थेट पाचाला. तोवर काकूंनी चाचपडत बाटली शोधली होती, ती सांडली होती, आणि त्या डोळे मिटून तशाच बसून राहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सरांनी हे सगळं मला सांगितलं. "एक शब्द बोलली नाही गा. बोलली असती तर बरं वाटलं असतं मले."

कोणती विंडो वर आणि कोणती खाली, हे ठरवणाऱ्या प्रोग्रॅमला विंडो मॅनेजर म्हणतात. त्याच्या सेटिंगची एक फाईल असते. सर जाडजूड मॅन्युअल घेऊन त्या फाईलपुढे बसले आणि चौथ्या दिवशी घड्याळ सगळ्यांच्या वर राहायला लागलं. मग उत्साहाच्या भरात त्यांनी 'घरी जाणे' अशा चिठ्ठीची आणखी एक विंडो त्याच कोपऱ्यात, तशीच कायम वर ठेवली. ही वर आली की ती हिला ढकले, ती आली की ही. पडदा पारव्यासारखा फडफडायला लागला. "दोघीयलेही मीच वर बस म्हटलं," सर शांतपणे म्हणाले, "आता भांडून राहिल्या."

चिठ्ठी गेली, घड्याळ राहिलं. त्याच्याखाली नकाशाचा कोपरा झाकला जाई, आणि एका नकाशात तिथलं एक अख्खं गाव काढायचं राहून गेलं. साहेबांनी विचारलं, "गाव कुठं गेलं?" सर म्हणाले, "घड्याळाखाली आहे, साहेब." त्यांनी बोलणी खाल्ली, गाव काढून दिलं, पण फाईलमधली घड्याळ वर ठेवणारी ओळ काही पुसली नाही. थेंब पुन्हा एकदाही चुकले नाहीत.

दीड महिन्यानं डॉक्टरांनी थेंब बंद केले. काकूंना स्वच्छ दिसायला लागलं. दुसऱ्या दिवशी दोन वाजता सर उठले, सायकलची किल्ली घेतली आणि पुन्हा खाली बसले.

"काहून बसले, सर?" मी विचारलं.

"आता कशाले जाऊ? तिचं तिले दिसते."

"जाऊन या ना. सहज."

ते किल्ली घेऊन पुन्हा उठले आणि गेले. परत येऊन खुर्चीत बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "फाटकातच उभी होती. म्हणे, आज दहा मिनिटं उशीर केला."