राखेला एकवीस दिवस पाणी

इथे तमिळ मुलखात, ओरत्तनाडूच्या रस्त्यावर माझं विटांचं आवार आहे. लाल विटांचं नव्हे. वीजकेंद्रात लिग्नाइट जळून उरलेली राख लॉरीनं येते. तीत चुना, जिप्सम आणि ग्रॅनाइट कापताना पडणारी भुकटी मिसळून आम्ही करड्या विटा दाबतो. भट्टी नाही, धूर नाही. दाबल्यावर गोणपाटाखाली ठेवून एकवीस दिवस पाणी मारायचं, एवढंच. ती राख इतकी मऊ, की मूठ भरली तरी हातात काही आहे असं वाटत नाही. वारा पडला की ती हवेतच रेंगाळते. मग पलीकडची भातं, माडांची रांग, कालव्याकडेनं जाणारी सायकल, सगळं अर्धवट झोपेत पाहिल्यासारखं दिसतं.

या विटांच्या भिंती मी तालुकाभर उभ्या केल्या. माझी थोरली बहीण, अक्का, मात्र शहरातल्या राजवाड्यामागच्या आमच्या घरात जन्मभर स्वयंपाकघरापुढच्या वाटेत झोपत आली. तिनं लग्न केलं नाही. कचेरीत टायपिस्ट होती. आईवडिलांचं केलं, माझ्या मुलांचं केलं. पहाटे जो उठेल तो तिला ओलांडून जायचा. ती निवृत्त झाली त्या वर्षी तिला ओलांडताना मी अडखळलो, आणि मला स्वतःचीच लाज वाटली. परसात तिच्यासाठी खोली बांधायचं मी त्याच दिवशी ठरवलं.

पण मला दम कुठला! मुहूर्त तमिळ पंचांगातल्या आनी महिन्यातला शेवटचा होता; पुढे आडी, त्या महिन्यात आमच्याकडे घराचं काही सुरू करत नाहीत. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! मी दहा दिवसांच्याच विटा घरी आणून टाकल्या. वरून टणक होत्या. अक्कानं एक वीट उचलून पाण्याच्या टाकीत सोडली आणि दुसऱ्या दिवशी काढून तिचा कोपरा अंगठ्यानं घासला. कोपरा चिखल होऊन हातात आला.

"हें काय रे? अजून सांबलच की!" राखेला आम्ही इथले मराठी सांबलच म्हणतो.

"अक्का, परवा मुहूर्त आहे. चुकला तर महिनाभर थांबावं लागेल."

"सुम्मा रहा, गप्प बैस. इतकीं वर्षें थांबले, आण्खीन एक महिना काय? मज ढासळणारी खोली नको."

विटांचा धंदा माझा, आणि शिकवणार ही! दिवसभर मी धुसफुसत राहिलो. संध्याकाळी विटा परत नेल्या.

आडीच्या वाऱ्यात पाटासुद्धा उडतो म्हणतात. तो वारा ओलं गोणपाट तासाभरात सुकवायचा. नव्या विटांसाठी अक्का रोज माझ्या स्कूटरवर मागे बसून आवारात येऊ लागली. नळी धरून पाणी मारायची आणि मग कडुलिंबाखाली बसायची. ओल्या चुन्याचा वास यायचा, कालव्याला नवं पाणी आलेलं असायचं, गोणपाटावर बगळा येऊन उभा राहायचा. मी हिशेब सोडून तिच्याशेजारी बसू लागलो. ती कधी डुलकी घ्यायची, कधी डोळे मिटूनच विचारायची, "खिडकी कोठें ठेवशील रे?" मी रोज वेगळी दिशा सांगायचो, आणि ती रोज कबूल व्हायची. इतके निवांत आम्ही लहानपणीही कधी बसलो नव्हतो. ते एकवीस दिवस संपू नयेत असं मला वाटायचं.

एकविसाव्या दिवशी तिनं पुन्हा एक वीट पाण्यात सोडली. दोन दिवसांनी काढली, अंगठा लाल होईपर्यंत घासली. "हां. आतां बांध."

इकडचा मोठा पाऊस दिवाळीच्या सुमाराला; त्याआधी खोली झाली. गृहप्रवेशाचं दूध उतू घालवलं, पाहुणे जेवून गेले. दुपारी अक्का पडायला म्हणून आपल्या खोलीत गेली. तिची उशी बाहेरच राहिली होती, म्हणून मी ती घेऊन गेलो आणि नेहमीसारखं सरळ दार ढकललं. ते उघडलं नाही. आतून कडी होती.

"कोण तें?" आतून आवाज आला.

"मी. येऊं का?"

"आतां नको. मागाहून ये."

जिला आम्ही जन्मभर न विचारता ओलांडून गेलो, तिनं आज मला दाराबाहेर थांबवलं होतं. उशी छातीशी धरून मी तिथेच उभा राहिलो, आणि मला रडू आलं.