वाऱ्याकडे तोंड केलेला माणूस

"डोळे जरा बारीक करा," असं म्हणत आमच्या चित्रकलेच्या मॅडम आधी स्वतःचे डोळे अर्धे मिटायच्या. फळ्याकडे, जेवणाच्या डब्याकडे, कुणाच्या नव्या साडीकडे बघताना त्यांचं हेच. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांकडेही त्या तशाच बघत राहिल्या. साहेबांना वाटलं, बाईंना चष्मा लागलेला दिसतो. हेडमास्तरांनी हळूच खुलासा केला, "न्हाई साहेब, त्या तुमचा उजेड-अंधार बघायलेत."

मॅडमचं म्हणणं असं, की डोळे टक्क उघडे ठेवले की माणूस बटणं आणि पानं मोजत बसतो. पापण्या खाली आणल्या की बारीकसारीक सगळं विरघळतं आणि उरतात ती गडद-फिकट ठिगळं. ती नीट बसली असतील तर चित्र उभं राहतं.

तुमच्या-माझ्या शाळेत चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या सरांनी उसना घ्यायचा तास. मानवतजवळच्या आमच्या गावातल्या शाळेतही तसंच होतं. मी तिथे मराठी शिकवायचो. पण मॅडम आल्या आणि त्यांचा तास कुणाला मागता येईना, कारण पोरंच देईनात. एकदा त्यांनी टेबलाच्या एका टोकाला मळकट रंगाचा भलामोठा भोपळा ठेवला आणि दुसऱ्या टोकाला एक लालभडक मिरची. पोरांना विचारलं, "टेबल कुणीकडं कलंडायलंय?" पोरं म्हणाली, भोपळ्याकडं. "आता डोळे बारीक करा." पोरांनी केले. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मिरची बी लय वजनदार हाय की." मॅडमना त्या दिवशी काय आनंद झाला होता. रंगालाही वजन असतं, लहान वस्तू मोठीला तोलू शकते, हे मला वयाच्या चाळिशीत दारातून डोकावताना कळलं.

हेडमास्तर नोटीस लिहायचे तेव्हा प्रत्येक ओळीखाली रेघ ओढायचे. मॅडम नोटीसबोर्डासमोर उभ्या राहून म्हणायच्या, "सर, सगळ्याच ओळी ओरडायल्या. म्या कुणाचं ऐकू?" हेडमास्तर हसायचे आणि उरलेल्या जागेत आणखी एक रेघ ओढायचे.

मूळच्या त्या पालमच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. आमच्याच गल्लीत एका खोलीत राहायच्या. संध्याकाळी दार उघडं टाकून चित्र काढत बसायच्या. आमच्याकडची काळी जमीन, तिच्यात वेचणीला आलेला कापूस, वर पांढुरकं आभाळ, एवढंच पुन्हा पुन्हा. "काळ्यावर पांढरं. ह्याच्यापेक्षा मोठा विरोध कुठं मिळणार सर?" त्या म्हणायच्या. त्या दिवसांत त्या गुणगुणतही असत. पुढे हे दोन्ही बंद झालं. का बंद झालं, तेच सांगायचंय.

त्या वर्षी फवारणीच्या आधी सरपंचांनी ग्रामपंचायतीची पुढची भिंत मॅडमना दिली. कापसावर औषध मारताना काळजी कशी घ्यायची, हे चित्रात दाखवायचं होतं. आमच्याकडे कीटकनाशकाला औषधच म्हणतात, त्यामुळे त्याची भीती अर्धी तिथेच संपते. मजकूर मी लिहून दिला. मॅडमनी दोन चित्रं काढली. डावीकडे चुकीची पद्धत: उघडा गडी, पाठीवर पंप, तोंड वाऱ्याकडे. उजवीकडे बरोबर पद्धत: अंगभर कपडे, तोंडाला रुमाल, पाठीवर वारा.

चित्र पूर्ण झालं त्या दिवशी सगळं गाव भिंतीपुढे जमलं. डावीकडचा गडी काय उभा राहिला होता! सकाळचं ऊन समोरून येतंय, औषधाचे बारीक थेंब उन्हात मण्यांसारखे चमकतायत, त्यातून त्याची रुंद छाती पुढे आलीय. उजवीकडचा गडी त्यापुढे गुंडाळून ठेवलेल्या सतरंजीसारखा दिसत होता. चुकीच्या चित्रावर लाल फुली होती, पण ती खालच्या कोपऱ्यात, तळहाताएवढी. आम्ही सगळ्यांनी वाहवा केली. कुणाच्याही मनात वेगळं काही आलं नाही. मॅडम दूर उभ्या राहून आपल्या कामाकडे बघत होत्या आणि खुशीत होत्या.

फवारणी सुरू झाली. एका दुपारी बातमी आली, की वरच्या आळीतला मारोती शेतात पडला. औषध तोंडावर, डोळ्यांत गेलं होतं. त्याला आधी मानवतला आणि तिथून परभणीच्या दवाखान्यात नेलं. तो वाचला. घरी आला तेव्हा उजवा डोळा ठीक होता, डाव्यापुढे मात्र धुकं राहिलं होतं. डॉक्टरांनी ते जाणार नाही असं सांगितलं होतं.

गाव जसं भेटायला गेलं तसे मी आणि मॅडमही गेलो. मारोती बाजेवर बसला होता. स्वभावाने साधा, भिडस्त माणूस. मॅडम घरी आल्या म्हणून त्यालाच अवघडल्यासारखं झालं. त्यांना बरं वाटावं म्हणून की काय, तो कौतुकाने म्हणाला, "मॅडम, तुमच्या चित्रातल्यावानीच मारत व्हतो बगा. वाऱ्याकडं तोंड करून. त्यो गडी कसा रुबाबात हुबा हाय!"

मॅडमनी हातातला कप खाली ठेवला. "दादा, ते कसं करू नये त्याचं चित्र होतं. करावं कसं, ते उजवीकडं होतं."

"त्यो तोंड बांधल्याला? त्यो मला आजारी वाटला."

"आणि डावीकडं खाली लाल फुली होती ना?"

मारोतीने आठवून बघितलं. "ते लाल व्हय? म्या म्हणलं, मॅडमची सही आसंल."

माझ्या मजकुराचा प्रश्नच नव्हता. त्याला वाचता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम भिंतीपुढे चुन्याची बादली घेऊन उभ्या होत्या. सरपंच धावत आले. "मॅडम, त्यो मारोती तुमच्या चित्राच्या आधीपासून तसाच मारतोय. नाहक जिवाला लावून घेऊ नका." मॅडम म्हणाल्या, "मारत असेल. पण ह्या वेळी त्यांनी चित्र बघून मारलं." आणि त्यांनी पहिला हात त्या रुंद छातीवर फिरवला.

मी त्यांची समजूत घालायचा प्रयत्न केला. म्हटलं, मजकूर माझा होता, म्हणजे मीही वाटेकरी आहे. त्यांनी ते मान्य केलं नाही. "शब्द त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते सर. त्यांच्यापुरतं सगळं काम चित्राचं होतं." मग म्हणाल्या, "फुली मोठी काढायची, हे मला माहीत होतं. सगळ्यांत ठळक तीच पाहिजे, हे मी पोरांना शिकवते. पण एवढं चांगलं चित्र फुलीखाली झाकायचं, हे मला करवेना. थेंब छान जमले होते."



त्यानंतर त्या रोज शाळा सुटल्यावर मारोतीच्या घरी जाऊ लागल्या. कधी फळं, कधी डोळ्यांत घालायचे थेंब. बाजेशेजारी बसून राहायच्या. बोलायला फार काही नसायचंच. एक दिवस मी बरोबर होतो. निघताना मारोतीची बायको अंगणापर्यंत आली. पदर सावरत, आवाज खाली घेऊन म्हणाली, "मॅडम, राग मानू नका. तुमी आमाला परक्या न्हाईत. पण तुमी रोज यायलात, आन् तुमाला बगितलं की ह्यांला डोळा आठवतो. दिवसभर कामात इसरल्यालं आसतंय."

मॅडमनी मान हलवली. "बरोबर आहे तुमचं," एवढंच म्हणाल्या. फळांची पिशवी तशीच हातात होती, ती द्यावी की परत न्यावी हेही त्यांना कळेना. शेवटी त्या बाईनेच ती घेतली. रस्त्यात मॅडम मला म्हणाल्या, "मी स्वतःसाठीच जात होते सर." त्यानंतर त्या तिकडे गेल्या नाहीत.

पुढची फवारणी जवळ आली तशा त्या पुठ्ठ्याला लावलेली कच्ची चित्रं घेऊन फिरू लागल्या. चावडीपुढे, पिठाच्या गिरणीत, नरसिंहाच्या दर्शनाला पोखर्णीला निघालेल्या बायका फाट्यावर एसटीची वाट बघत बसायच्या तिथे. चित्र पुढे धरायचं आणि एकच विचारायचं, "ह्यात काय दिसायलंय?"

उत्तरं ऐकण्यासारखी होती. रुमाल बांधलेला गडी बघून गिरणीवाला म्हणाला, "दरोडेखोर हाय." वाऱ्याची दिशा दाखवायला काढलेला बाण एका म्हातारीला मासा वाटला. औषधापासून डोळे वाचवायला चष्मा घातलेला माणूस बघून सगळे एकमताने म्हणाले, "मास्तर." आम्ही शाळेत हे ऐकून हसायचो. मॅडम हसायच्या नाहीत. प्रत्येकाचं म्हणणं निमूट ऐकायच्या, चुकलंय कुणाचं हे ठरवायला जायच्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी नवं चित्र आणायच्या. बाण गेला, त्याच्या जागी वाकलेली कापसाची झाडं आली. वारा कुणीकडचा, हे मग कुणालाच विचारावं लागलं नाही. थेंब गेले. ऊन गेलं. आभाळ गेलं. दर वेळी त्यांना आवडणारं काहीतरी कमी व्हायचं.

शेवटी भिंतीवर आला तो एकच माणूस. चुकीचं चित्र काढायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. दोन सपाट रंग, पाठीवर वारा झेलणारा, तोंड बांधलेला पुरुषभर उंचीचा गडी. बाकी भिंत कोरी. रस्त्याने जाणाऱ्या बैलगाडीतूनही नजर सरळ त्याच्यावर जाऊन थांबायची.

सरपंच म्हणाले, "मॅडम, एवढी भिंत रिकामी कशाला? बाजूला आमची पंचायतीची समदी बॉडी बसली आसती, फोटोसकट."

"ती रिकामी नाही," मॅडम म्हणाल्या. "ती त्याच्यासाठी सोडलीय."

सरपंचांना ते पटलं नाही, पण मारोतीचं सगळ्यांच्या लक्षात होतं. त्यांनी आग्रह धरला नाही.

ह्या चित्राने फरक पडला का? मला खात्रीने सांगता येणार नाही. काही जण रुमाल बांधू लागले. काही जण पूर्वीसारखेच उघडे मारत राहिले. मॅडमना मी एकदा सांगितलं, की अमुक अमुक माणूस आता पाठीवर वारा घेऊन मारतो. त्यांनी विचारलं, "आणि बाकीचे?"

शाळेत त्या शिकवत राहिल्या, पहिल्यापेक्षाही मन लावून. फक्त पोरांनी चित्र दाखवलं की "सुंदर" हा शब्द त्यांच्या तोंडून यायचा नाही. कापसाच्या रानाची चित्रं थांबली. संध्याकाळी खोलीचं दार उघडं असायचं, पण आत त्या भाजी निवडत किंवा नुसत्या बसलेल्या असायच्या. मी एकदा धीर करून विचारलं, "मॅडम, आता पुरे झालं. स्वतःसाठी एखादं चित्र काढायला काय हरकत आहे?"

"हात शिवशिवतात," त्या म्हणाल्या. "पण माझा हात देखण्याकडं आपोआप वळतो. तो वळला की मला मारोतीदादांचा डोळा दिसतो."

निवृत्त झाल्यावर त्या पालमला भावाकडे गेल्या. मागच्या उन्हाळ्यात तिथेच वारल्या. मला उशिरा कळलं. मी त्यांना शेवटचं बघितलं ते आमच्या फाट्यावर, गाव सोडून निघाल्या त्या सकाळी.

मी सामान चढवायला गेलो होतो. परभणीची गाडी यायची होती, तिथून पुढे पालमची. एवढ्यात मारोती चालत आला. मॅडम उभ्या राहिल्या. दोघांची गाठ बऱ्याच काळाने पडत होती. इकडचं तिकडचं बोलणं झालं, पालमला पाणी कसं आहे, भावाची पोरं काय करतात. मग तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मॅडम, एक सांगायचं राहिलं व्हतं. ते पयलं चित्र लय भारी व्हतं. आता डावा डोळा झाकला काय, उघडा ठिवला काय, ते मला तसंच दिसतंय. पुसायला नको व्हतं तुमी."

मॅडमच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. गाडी वळणावर दिसू लागली होती.

"मलाही ते फार आवडायचं दादा," त्या म्हणाल्या. "म्हणूनच पुसलं."

मारोतीला ते कळलं की नाही, मला माहीत नाही. त्याने त्यांची पिशवी उचलून आत दिली. मॅडम खिडकीजवळ बसल्या आणि गाडी हलेपर्यंत त्यांनी मांडीवरच्या हातांवरून नजर वर केली नाही.

आम्ही दोघं गावाकडे चालू लागलो. कापसाने भरलेला एक ट्रक मागून भोंगा वाजवत डाव्या अंगाने निघून गेला आणि मारोती तो शोधत उजवीकडे मान वळवून बघू लागला. मी बाजू बदलली आणि गाव येईपर्यंत त्याच्या डाव्या हाताला चालत राहिलो.